दुप्पट, पण वेशीपर्यंत

पर्युषण नुकतेच संपले होते. इतवारीतील किराणा ओळीत पिढीजात दुकान सांभाळणारे काका रविवारी सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून ओसरीवर बसले होते. इतक्यात न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला. तिकडे सकाळ होती. क्षेमकुशल झाल्यावर तो मुद्द्यावर आला. नोकरीच्या सहा वर्षांत साठ हजार डॉलर शिल्लक पडले होते. दोन वर्षांनी नागपूरला परतायचे, आईजवळ राहायचे आणि वडिलांच्या पश्चात बंद पडलेली त्यांची गादी पुन्हा उघडायची, हा त्याचा संकल्प घरात सर्वांना ठाऊक होता. रक्कम मात्र अपुरी वाटत होती आणि ती लवकर वाढविण्याची एक वाट त्याला सापडली होती.

शेअर बाजारातच खरेदी-विक्री होणारा तो एक फंड होता, म्हणजे एक्स्चेंज ट्रेडेड फंड, पण साधा नव्हे. इनोव्हेटर या अमेरिकी संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये या जातीचे फंड आणले. त्यांपैकी एकाची अट अशी की, एस अँड पी ५०० निर्देशांकामागे चालणारा मोठा फंड तिमाहीत जितका चढेल त्याच्या दुप्पट चढ द्यायचा, परंतु ठरीव मर्यादेपर्यंतच. उतार आला तर तो एकपटच सोसायचा. मर्यादा दर तिमाहीच्या आरंभी नव्याने ठरते. वार्षिक खर्च ०.७९ टक्के.

"काका, नफा दुप्पट आणि तोटा एकपट. यात खोट कुठे आहे?"

काकांनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांचे वडील तरुणपणी कापसाच्या व्यापारात होते आणि तेजी-मंदीच्या सौद्यांच्या गोष्टी घरात अनेकदा निघत. थोडे पैसे आगाऊ देऊन ठरल्या भावाने माल घेण्याचा हक्क विकत घ्यायचा, ती तेजी. विकण्याचा हक्क घ्यायचा, ती मंदी. १९५२च्या वायदे सौद्यांच्या कायद्याने मालातील असे सौदे बंद केले. २००१ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीवरचे ऑप्शन सुरू झाले, तेव्हा अनेक जुन्या व्यापाऱ्यांना त्यात आपलीच तेजी-मंदी नव्या पोशाखात दिसली असेल.

"दुसऱ्या पटीचे पैसे कोण देतो, ते आधी सांग," काका म्हणाले.

पुतण्याने त्याबद्दल वाचले होते. फंड आजच्या भावाची एक जादा तेजी विकत घेतो आणि तिची किंमत भागविण्यासाठी वरच्या भावाच्या दोन तेज्या दुसऱ्यांना विकतो. म्हणून काही अंतरापर्यंत दुप्पट चाल मिळते आणि त्यापुढचे सारे पीक आधीच विकलेले असते. शिवाय निर्देशांकातील कंपन्यांचा लाभांश या फंडाच्या पदरी पडत नाही. फुकट कोणीच काही देत नव्हते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा सौदा अप्रामाणिक नाही. प्रश्न एवढाच, की या पैशाला तो मानवतो का.

काकांनी जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. मर्यादा बदलती, म्हणून समजण्यापुरती ७ टक्के धरली. बाजार दर तिमाहीस ३ टक्के चढला तर फंड ६ देईल. वर्षाअखेरीस साध्या मार्गाने साडेबारा टक्के, तर या मार्गाने सव्वीस. पुतण्याचा आवाज उजळला. इतका शहाणा, एका चालीने चालणारा बाजार काकांनी मात्र हयातीत पाहिला नव्हता. त्यांनी २०२०चे आकडे विचारले. त्या वर्षी पहिल्या तिमाहीत एस अँड पी ५०० सुमारे २० टक्के पडला आणि दुसरीत सुमारे २० टक्के चढला. हा फंड तेव्हा नव्हता. असता तर साठ हजारांचे अठ्ठेचाळीस झाले असते आणि मर्यादेमुळे परतताना ते एक्कावन्न हजारांच्या थोडे वर थांबले असते. साध्या निर्देशांकात तेच पैसे साडेसत्तावन्न हजारांपर्यंत आले असते. दुप्पट देणारा फंड जोरदार भरारीच्या वेळीच मागे राहतो, हे जाहिरातीत कोठेतरी बारीक अक्षरांत असतेच; पानावर मांडल्यावर ते ठसते.

आणखी एक गोष्ट पुतण्याच्या ध्यानात आली नव्हती. तिमाहीच्या मध्ये खरेदी केली तर अटी त्या दिवसापासून लागू होत नाहीत. बाजार आधीच चढलेला असेल तर वर मिळण्याजोगे थोडेच उरते, खालची दरी मात्र तशीच.

काकू निवडायचे तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "नफ्याला मर्यादा! म्हणजे परिग्रह-परिमाणच झाले की हे."

"तोट्याला मर्यादा असती तर मानले असते," काका म्हणाले.

उतारापासून काही टक्के संरक्षण देणारे असेच फंडही तेथे मिळतात. पण त्या संरक्षणाची किंमतही मर्यादेतूनच वसूल होते. काकांना पूर्वी येथेही बाजाराशी जोडलेल्या कर्जरोख्यांचा असाच कागद दाखविण्यात आला होता. एप्रिल २०२३ पासून त्यांच्या नफ्यावर अल्पमुदतीच्या दराने कर लागू लागला आणि तो विषय घरात संपला.

"पैसे कधी लागणार?" काकांनी विचारले.

"दोन वर्षांनी. कमी पडले तर तीन, कदाचित चार. म्हणून तर घाई करतोय, काका."

फोन मोठ्या आवाजावर होता. आतल्या दारात उभ्या असलेल्या वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या पुढे आल्या. "दुकान लहान घेऊ," त्या म्हणाल्या. "अर्ध्या जागेतही गादी बसते. दोनची चार वर्षे नकोत मला."

पलीकडे बराच वेळ काही बोलणे झाले नाही.

शेवटी ठरले ते असे. पंचावन्न हजार अमेरिकी सरकारच्या ट्रेझरी बिलांत ठेवायचे. काकांच्या भाषेत सरकारी हुंडी, मुदत संपली की पैसे हातात. उरलेले पाच हजार पुतण्याने हौसेचे म्हणून या फंडात घालावेत, पण ऑक्टोबरच्या आरंभी, नवी मर्यादा पाहून. काकांनी रोजमेळाच्या पानावर तारीख घातली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी लहान जागेच्या भाड्याची चौकशी करण्यासाठी ते गांधीबागेकडे वळले.