लोद्रव्याच्या वाटेवर

जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनालयांचे दर्शन घेऊन आम्ही उभयता लोद्रव्यास निघालो. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. वाटेत अमरसागरच्या परिसरात पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागल्या आणि त्यांच्यामधून क्षितिजापर्यंत गेलेल्या विजेच्या तारा.

मी सोलापूरचा, त्यामुळे मला माळढोक आठवला. आमच्या नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये त्याच्यासाठीच झाले. आज तेथे त्याचे दर्शन दुर्मीळ आहे. देशभरात जेमतेम दीडशे माळढोक उरले असावेत आणि त्यांतील बहुतेक या थरच्या माळावरच आहेत.

हा पक्षी झाडावर घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला उडताना समोरचे कमी दिसते आणि जड अंगामुळे ऐन वेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार, थरमधील सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात विजेच्या तारांमुळे वर्षाला सर्व जातींचे मिळून सुमारे ८४,००० पक्षी मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला होता. अडचणी पुढे आल्यावर २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली.

बँकेत असताना पवनचक्क्यांची कर्जप्रकरणे मीही तपासली. ८० टक्के घसाऱ्याची सवलत पाहून आपल्यातील अनेक व्यापारी कुटुंबांनी त्यांत पैसा गुंतवला. धूर नाही, कोळसा नाही, म्हणून हा व्यवसाय निर्दोष, असे आम्ही समाधानाने म्हणत असू. वाऱ्याचा वेग, विजेचा दर, परतफेडीचे हप्ते, सारे मी पाहिले. तारा कोठून जाणार, हे मात्र एकाही अर्जदाराला विचारले नाही.

लोद्रव्यास पार्श्वप्रभूंचे दर्शन घेऊन बाहेर आलो, तेव्हा दोन साध्वीजी विहार करीत येत होत्या. दृष्टी पुढच्या पावलावर. ईर्यासमिती आपण लहानपणापासून ऐकतो; परंतु आपला पैसाही चालतो, आणि त्याच्या पावलांखाली काय येते, हे आपण पाहत नाही.

पवनचक्क्या नकोत, असे मी म्हणणार नाही. गुंतवणुकीपूर्वी एवढेच विचारावे: तारांचा मार्ग पक्ष्यांच्या अधिवासातून जातो काय? त्या भूमिगत होतील काय? निदान पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या त्यांवर बसवल्या आहेत काय? हे विचारण्यास पैसा लागत नाही. मी ते वेळेवर विचारले नाही, याची रुखरुख घेऊनच परतलो.