गाढीवरची नजर

नेरे गावात सकाळपासून पावसाची झड लागलीय. माथेरानचा डोंगर ढगात गडप. गाढी नदीचं पाणी गढूळ झालंय, चढतंय.

खिडकीतला जुना वेबकॅम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलाय. 'एफएसवेबकॅम' ही एका ओळीची आज्ञा ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून दर १० मिनिटांनी नदीचा फोटो घेते. कॅमेरा उघडताच येणाऱ्या पहिल्या फ्रेम काळपट असतात. आज्ञेत 'एस २०' लिहिलं की त्या वगळल्या जातात. 'एफ १०' म्हटलं की दहा फ्रेमची सरासरी निघते, अंधारातले रवाळ ठिपके विरतात. मात्र पावसाच्या धाराही पुसट होतात, हे मला खटकतं. खालच्या पट्टीत तारीख-वेळ आपोआप उमटते. नदीच्या नोंदीला तीच मोलाची.

नदीकाठच्यांनो, जुना वेबकॅम भंगारात देऊ नका. खिडकीत लावा.