आर्वीची एक संध्याकाळ

पुलगांवहून आर्वीस जाणारा रस्ता कपाशीच्या काळ्या जमिनींतून जातो. १९१७ सालीं सुरू झालेली अरुंद रुळांची लहानशी आगगाडी या मार्गानें पुष्कळ वर्षें धांवत असे. ती आतां बंद पडली असल्यामुळें आम्ही मोटारीनें गेलों. आर्वीस आमचे एक जुने स्नेही राहतात. ते धर्मानें ख्रिस्ती असून शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झालेले आहेत. गतवर्षीं त्यांच्या पत्नी निवर्तल्या. समाचारास जावयास आम्हांस फार उशीर झाला होता.

गांवांत प्रथम तेलंगरावांच्या समाधीचें दर्शन घेतलें. आर्वी त्यांनींच वसविली अशी आख्यायिका आहे. हिंदु त्यांस ब्राह्मण म्हणत, मुसलमान त्यांस आपला मानीत, आणि दोघेहि त्या एकाच ठिकाणीं मस्तक नमवीत, असें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. हा विचार मनांत घोळत असतांच आम्ही स्नेह्यांच्या ओसरीवर जाऊन बसलों.

कुशलप्रश्न झाल्यावर ते म्हणाले, "ही गेल्यावर मी रोज प्रार्थनेस बसें, पण शब्दच फुटेना. देवळांत विलायती चालींचीं गीतें म्हणें. तीं सुंदर आहेत, पण डोळ्यांस पाणी येत नसे. एके दिवशीं पहांटे शेजारीं काकड्याचें भजन चाललें होतें. ऐकतां ऐकतां माझा हात गुडघ्यावर ठेका धरूं लागला, आणि आई दळतांना म्हणत असे तो टिळकांचा अभंग तोंडीं आला. त्या दिवशीं मी पोटभर रडलों. ख्रिस्त माझ्याजवळ येऊन बसला आहे असें वाटलें."

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आमच्या वाचकांस अपरिचित नाहींत. राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस 'नवा करार' दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यापायीं लक्ष्मीबाईंस किती सोसावें लागलें, हें 'स्मृतिचित्रें' वाचलेल्यांस सांगावयास नको. पुढें त्याहि स्वतःच्या विचारानें त्याच वाटेस लागल्या, आणि पतीचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' त्यांनींच पूर्ण केलें. मराठी ओवींत ख्रिस्तचरित्र गाणें नवें नव्हतें. गोमंतकांत फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालींच छापलें गेलें होतें. परंतु तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें म्हणणाऱ्या टिळकांनीं अभंग, भजन आणि कीर्तन हीं आपल्या नव्या समाजाच्या नित्याच्या उपासनेंत आणलीं. घर सुटलें, तरी घरची चाल त्यांनीं सोडली नाहीं.

येथें आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या लहानपणीं घरीं टिळकांचें 'वनवासी फूल' कौतुकानें वाचीत. फुलामुलांचे कवि म्हणून त्यांचा अभिमानहि बाळगीत. त्यांचीं भजनें मात्र कोणी उच्चारीत नसे. कवि आमचा, भक्त परका, अशी वांटणी आम्हीं बिनबोभाट करून टाकली होती.

दिवेलागणीस स्नेह्यांनीं पेटी ओढली आणि टाळांची जोडी आमच्यापुढें सरकविली. क्षणभर हात अडला. घरांतील वडीलधारीं माणसें डोळ्यांपुढें उभीं राहिलीं. इतक्यांत त्यांनीं पहिला चरण उचलला. आवाज वयामुळें कांपत होता, पण चाल आमच्या आजीच्या तोंडचीच होती. आम्हीं टाळ घेतले.

त्या रात्रीं आमचें दैवत बदललें नाहीं, कीं त्यांचेंहि नाहीं. धर्मांतील भेद टाळांच्या नादानें मिटतात असें म्हणण्याचा भाबडेपणाहि आम्ही करीत नाहीं. परंतु दुःखी माणसास देव भेटतो तो बहुधा आईच्या भाषेंत आणि आईच्या चालींत, एवढें मात्र आम्हांस त्या ओसरीवर उमगलें.

निघतांना दारापर्यंत येऊन ते म्हणाले, "पुढल्या खेपेस इतका उशीर करूं नका. तुम्ही तुकोबांचा अभंग म्हणा, टाळ मी धरीन."