जुन्या रंगाचे बिल

दापोलीहून एस.टी.ने दाभोळला गेलात, की उतार संपतो तिथेच खाडी लागते. वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते ती ही जागा. समोर दिसते ते गुहागर तालुक्यातले धोपावे. २००३ सालापासून इथे फेरीबोट चालते. माणसे, स्कूटर, मोटारी, आंब्याच्या पेट्या, सगळे एकदमच बोटीत चढते! नाहीतर पलीकडे जायला केवढा वळसा पडतो ते नकाशात बघा.

दाभोळ हे फार जुने बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन प्रवासी हिंदुस्थानात फिरून इथूनच परतीच्या गलबतात बसला. त्या वेळची गलबते लाकडी. आजही काठावर लाकडी होड्या दिसतात, आणि खाडीत ही लोखंडी फेरीबोट. आज आपण दोघींच्या पाण्याखालच्या अंगाकडे पाहणार आहोत. तिथे कोणी सहसा बघत नाही, पण मालकाचा पैसा तिथेच जातो.

खाऱ्या पाण्यात काहीही बुडवून ठेवा, महिन्याभरात त्यावर शेवाळ धरते. मग येतात पांढरे, खरखरीत, छोट्या ज्वालामुखीसारखे दिसणारे जीव. पायाला लागले की रक्तच निघते. त्यांना इंग्रजीत बार्नॅकल म्हणतात. गंमत म्हणजे हा प्राणी शिंपल्यांचा नातेवाईक नाही, खेकडा-कोळंबीचा आहे. लहानपणी तो पोहतो, मग जागा पसंत करून डोक्याने तिथे चिकटतो आणि उरलेला जन्म पायांनी अन्न ओढून खातो. चार्ल्स डार्विनने या प्राण्यांच्या अभ्यासात आठ वर्षे घालवली, बरं का! बोटवाल्याला मात्र त्यांचे कौतुक नसते. बूड खरखरीत झाले की बोट जड चालते आणि डिझेल जास्त पिते.

म्हणून बुडाला विषारी रंग देतात. तो बहुतेक वेळा लालसर दिसतो, कारण त्यात तांब्याचे संयुग असते. दरवर्षी जुन्या रंगावर नवा रंग चढत जातो. शेवटी थर इतका जाड होतो, की पोपडे सुटायला लागतात. मग सगळे खरवडून मूळ अंगापर्यंत जावेच लागते.

लाकडी होडीचे काम हाताने होते. उधाणाच्या भरतीला ती वर घ्यायची, पाणी ओसरले की टेकू लावायचे आणि लोखंडी पट्टीने खरवडायचे. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा होड्या शाकारलेल्या असतात. त्या पुन्हा पाण्यात जाण्याआधी ही लगबग चालते. खर्च मुख्यतः मजुरीचा. लाकडावर वाळूचा जोरदार मारा केला तर मऊ रेषा आधी झिजतात आणि कठीण रेषा वर राहतात. फळीवर नांगरट केल्यासारखे दिसते! म्हणून लाकडाला पट्टीच बरी.

लोखंडी बोटीची गोष्ट वेगळी. ती गोदीत न्यावी लागते. तिथे हवेच्या दाबाने बारीक कठीण दाण्यांचा मारा करून रंग आणि गंज उडवतात. ही युक्ती अमेरिकेतल्या बेंजामिन टिल्घमन यांची, पेटंट १८७० सालचे. आता आपण गणित करू. पाटी-पेन्सिल घ्या.

समजा, एक सपाट बुडाची बोट आहे. लांबी ३० मीटर, रुंदी ८ मीटर, पाण्यात बुडते १ मीटर. बुडाचे क्षेत्रफळ ३० गुणिले ८, म्हणजे २४० चौरस मीटर. चारी बाजूंचे ७६. एकूण ३१६. एका चौरस मीटरला ३० किलो दाणे धरा. गुणाकार केलात? ९,४८० किलो! जवळजवळ साडेनऊ टन, ट्रकभर. त्यात कॉम्प्रेसरचे डिझेल, माणसांची मजुरी आणि गोदीचे रोजचे भाडे मिळवा. घाईसुद्धा करावी लागते. उघडे पडलेले लोखंड आपल्या खाऱ्या, दमट हवेत काही तासांत तांबूस होते, म्हणून पहिला हात लगेच द्यायचा. पाऊस आला की काम थांबते, भाडे मात्र चालूच.

मालक विचारतो, "चौरस मीटरला किती घेणार?" आकडा कमी सांगणारा भेटतोच. पण तो कुठे काटकसर करतो, हे बघायला हवे. सर्वांत स्वस्त म्हणजे साधी वाळू. तिच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ब्रिटनमध्ये या कामाला अशी वाळू वापरण्यावर १९५० सालापासूनच बंदी आहे. तोंडाला फडके बांधून ही धूळ अडत नाही. त्याला नळीतून बाहेरची स्वच्छ हवा देणारे शिरस्त्राण लागते. माझ्या मते ज्या बिलात त्या शिरस्त्राणाचे पैसे नाहीत, ते बिल स्वस्त नव्हे, अर्धवट आहे.

दुसरी काटकसर कचऱ्याची. आपल्या साडेनऊ टन दाण्यांत आता विषारी रंगाचा भुगा मिसळला आहे. तो कुठे टाकायचा? पूर्वी रंगात टी.बी.टी. नावाचे, कथिलापासून केलेले विष घालत. फ्रान्समध्ये आर्काशों खाडीतली कालवे त्याने वेडीवाकडी वाढू लागली, तेव्हा १९८२ साली त्या देशाने लहान बोटींना तो रंग बंद केला. २००८ साली जगभरासाठी करार लागू झाला. पण जुन्या बोटीच्या थरांत खाली काय दडले आहे, हे खरवडणाऱ्याला वरून दिसत नाही.

आता तुम्ही काठावर गेलात तर खुशाल बघा, विचारा. फक्त वारा आपल्या पाठीकडून येईल असे उभे राहा आणि त्या खपल्या खेळायला उचलू नका. होडीखाली ताडपत्री अंथरली आहे का, तेही बघा. असेल तर खपल्या गोळा करून बाजूला नेता येतात. नसेल तर पुढच्या भरतीला त्या खाडीत जातात. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात बायका तिसऱ्या काढायला उतरतात.