दोष किती, दुखापत किती

लॉस एंजेलिसच्या दिवाणी न्यायालयात मी अपघातातल्या जखमींचे खटले चालवतो. त्यांत एक प्रकार वरचेवर येतो. चौकात एक गाडी डावीकडे वळत असते आणि समोरून सरळ येणारी दुसरी तिच्यावर आदळते. इथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, त्यामुळे डावीकडे वळताना समोरची रहदारी कापावी लागते. समोरून गाडी जवळ आली असेल तर वळणाऱ्याने थांबायचं, असा कायदा आहे. पण समोरचा पिवळा दिवा पाहून वेग वाढवत आला असेल तर?

1975 पर्यंत कॅलिफोर्नियात या प्रश्नाचं उत्तर निर्दय होतं. अपघाताला जखमीची स्वतःची थोडीशी चूक कारण ठरली, तरी भरपाई मिळत नसे. 1968 साली अल्व्हाराडो स्ट्रीटवर, थर्ड स्ट्रीटच्या चौकाजवळ, एक मोटार पेट्रोल पंपात शिरायला डावीकडे वळली आणि चौक ओलांडून आलेल्या टॅक्सीने तिला मागच्या बाजूला ठोकलं. खालच्या न्यायालयाने वळणाऱ्या बाईंची चूक धरून दावा फेटाळला. 'ली विरुद्ध यलो कॅब' या नावाने तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1975 मध्ये नियमच बदलला. ज्याचा जेवढा दोष, तेवढाच भार त्याने सोसायचा.

हे माप काढतात ज्युरीतली 12 सामान्य माणसं. त्यांतल्या नऊ जणांचं एकमत झालं की उत्तर पक्कं. त्यांच्या हाती जो प्रश्नांचा कागद दिला जातो, त्याचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. प्रतिवादी निष्काळजी होता का? त्यामुळे इजा झाली का? मग एकूण नुकसान किती: झालेला आणि पुढे होणारा औषधोपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, सोसलेल्या वेदना. त्यानंतर वादीची चूक आणि शेवटी टक्केवारी, बेरीज शंभर. वजाबाकी ज्युरीने करायची नाही. ती न्यायाधीश करतात. म्हणजे वादीचा 40 टक्के दोष ठरला, तरी तिचं दुखणं 100 टक्केच मोजलं जातं.

खरी झुंज होते ती या दुखण्यावरच. पडद्यावर मानेचा एमआरआय लागतो. प्रतिवादीचे डॉक्टर झिजलेल्या चकत्यांकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "ही झीज वयाची आहे, धडकेची नाही." पंचेचाळिशीतल्या कितीतरी माणसांच्या मानेत अशी झीज असते, आणि ती काहीही न दुखता कामं करत असतात. म्हणून मी शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना साक्षीला बोलावतो. पूर्वी बाई काय उचलायच्या? आता कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत हात जातो का? जुनं दुखणं धडकेने बळावलं असेल तर त्या वाढीव त्रासाची भरपाई द्यावी लागते, हे न्यायाधीश ज्युरीला स्पष्ट सांगतात. वेदनेची किंमत ठरवायला मात्र ठरलेलं माप नाही, हेही सांगतात. "तुम्ही तिच्या जागी असतात तर?" असं विचारायची वकिलाला मुभा नसते. म्हणून साध्या, तपासता येतील अशा तपशिलांवरच सारा भर द्यावा लागतो.

महाराष्ट्रातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ज्युरी नसते, पण हिशेबाची जातकुळी तीच. तिथेही जखमीच्या दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी होते. 2010 मध्ये 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की अपंगत्वाचा टक्का आणि कमाईत झालेली घट एकच मानू नका. माणूस काय काम करत होता ते पाहा.

तरीही अपघातानंतर पहिल्या तासाभरात कुणीतरी म्हणतंच, "चूक तुमचीही होती, सोडून द्या." ते ऐकून कितीतरी लोक डॉक्टरकडे जात नाहीत, कागद जपत नाहीत, दावाही करत नाहीत. माझं कळकळीचं सांगणं एवढंच: चूक किती, हे न्यायालय ठरवेल. तुमच्या दुखापतीची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण ठेवा.