सुपें ते स्वतंत्रपूर

बारामतीचें नांव निघालें कीं सुशिक्षित मराठी घरांत प्रथम मोरोपंतांची आठवण होते, आणि तें योग्यच आहे. परंतु बारामती-इंदापूरच्या वाटेनें जाणाऱ्यानें या मुलखाची आणखी एक ओळख करून घ्यावी. ती बंदिवानांची आहे.

बारामतीच्या वायव्येस सुपें हें जुनें बाजाराचें गांव आहे. आज तें बारामती तालुक्यांत मोडतें. त्या काळीं भीमथडी तालुक्यांत होतें. येथें १२ मे १८७५ रोजीं कर्जानें गांजलेले शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख होता खतांवर व वह्यांवर. दंग्याचें लोण इंदापूर तालुक्यापर्यंत पोंचलें. पुणें व नगर या दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ लोकांस अटक झाली. पैकीं ५०१ जणांस शिक्षा झाल्या. पुढें १८७९ च्या कायद्यानें दक्षिणेंतील शेतकऱ्यास कर्जापायीं कैदेंत टाकणें बंद झालें, एवढें तरी त्यांतून निष्पन्न झालें.

सुप्याहून बारामतीस व तेथून इंदापुराकडे जातांना नीरेच्या डाव्या कालव्याचा मुलूख लागतो. १८८५ सालीं सुरू झालेल्या या कालव्यानें येथें ऊंस उभा केला. इंदापूर सोडून दक्षिणेस सराटीपाशीं नीरा ओलांडली कीं अकलूज येतें. त्याच्याहि पुढें गेलें म्हणजे हिरवा रंग हळूहळू विरळ होतो आणि माणदेशचे माळ सुरू होतात. आटपाडीजवळचें स्वतंत्रपूर याच प्रदेशांत आहे. आटपाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे; पूर्वीं ती औंध संस्थानांत होती.

राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं, येथें कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश अभियंत्याचा त्यांत पुढाकार होता. कैद्यानें उंच भिंतींआड न राहतां बायकामुलांसह राहावें आणि शेत कसून पोट भरावें, अशी ही योजना.

याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढिला. कथा माणदेशचेच सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांची. तुरुंगाचे चित्रपट पुष्कळदां कादंबऱ्यांवरून निघतात. बिमल रॉय यांचा ‘बंदिनी’ (१९६३) जरासंधांच्या ‘तामसी’ या बंगाली कादंबरीवरून घेतलेला आहे, आणि जरासंध स्वतः तुरुंगाधिकारी होते. शांतारामांच्या चित्रपटास मात्र आधार होता तो या माळावरील अनुभवाचा. १९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत त्यास रौप्य अस्वलाचें पारितोषिक मिळालें.

चित्रपटांत आदिनाथ नांवाचा जेलर सहा खुनी कैद्यांस ओसाड जमिनीवर नेतो. त्याच्या दोन डोळ्यांची जरब त्यांस पळूं देत नाहीं, आणि अखेर तो प्राणहि वेंचतो. प्रेक्षक सद्गदित होतो; पण घरीं परततांना त्याच्या मनांत शंका उरते: असा महात्मा प्रत्येक तुरुंगास कोठून मिळावा?

स्वतंत्रपुराच्या मूळ योजनेंत या शंकेचें उत्तर आहे. तेथें कैद्यास बांधून ठेवण्याचें काम चूल, शेत आणि दारांत वाट पाहणारें मूल यांजकडे सोंपविलें होतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस या बंधनाचें बळ निराळें सांगावयास नको. एका माणसाच्या थोरवीवर उभारलेली संस्था त्याच्या मागें डळमळते. संसारावर उभारलेली टिकण्याचा संभव अधिक. संस्थान विलीन झालें, राजे गेले, पण वसाहत पुढें चालू राहिली.

सुप्याच्या शेतकऱ्यांस जमीन हातची जाण्याच्या भयानें तुरुंगाच्या वाटेस लाविलें. स्वतंत्रपुरीं तुरुंगांतल्या माणसास जमिनीनें पुन्हां घराच्या वाटेस लाविलें. या दोन गांवांमध्यें मोटारीनें अर्ध्या दिवसाचेंहि अंतर नाहीं. शहाणपणास तें तोडावयास चौसष्ट वर्षें लागलीं.