मला कशी गोष्ट आवडते?
(एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी)

गोष्ट कुणाला आवडत नाही? रावालाही आवडते, रंकालाही आवडते. पण सगळ्याच गोष्टी सगळ्यांना आवडतात असं नाही. आमच्या वर्गात कुणाला भुताची आवडते, कुणाला शिवाजी महाराजांची, तर कुणाला नुसती चित्रं बघायला आवडतात. मला कशी गोष्ट आवडते ते मी आज सांगणार आहे.

पहिली अट म्हणजे गोष्ट लवकर सुरू झाली पाहिजे. काही पुस्तकांत आधी सूर्य उगवतो, मग पाखरं किलबिलतात, मग मंद वारा सुटतो. दोन पानं सरली तरी माणूस काही घराबाहेर पडत नाही. सूर्य तर आमच्या गावातही रोज उगवतो! रात्री मी आजीला गोष्ट वाचून दाखवते. आजीला अक्षर येत नाही, पण गोष्ट बरी की वाईट हे तिला बरोबर कळतं. बरी असली की ती विचारते, "मग फुडं काय झालं गं?" नसली की तिचा डोळा लागतो.

दुसरी अट म्हणजे नायकाला भीती वाटली पाहिजे. एका बुक्कीत दहा चोर लोळवणारा नायक मला खरा वाटत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मला फार आवडतो. तो काही पैलवान नाही. फुरसुंगीचा एक लुकडा पोरगा, पण डोकं चालवतो आणि सायकल पळवतो. 'श्यामची आई' मधला श्याम तर पोहायच्या भीतीने माळ्यावर लपून बसतो. आई शिंपटीने मारते, तेव्हा कुठे तो विहिरीवर जातो आणि उडी मारतो. मला वाटतं, भिणाऱ्याने मारलेली उडी हीच खरी उडी. ज्याला भीतीच ठाऊक नाही त्याचं कौतुक ते काय करायचं?

तिसरी गोष्ट तात्पर्याची. पंचतंत्रातलं माकड मगरीला सांगतं, "माझं काळीज झाडावरच राहिलं," आणि काठावर येऊन टुणकन उडी मारतं. इथे सगळं समजलं. तरी खाली तात्पर्य छापलेलं असतंच. भाकरी खाल्ल्यावर 'आता तुझं पोट भरलं' असं कुणी सांगावं लागतं का? त्यापेक्षा वेताळ बरा. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी विक्रम राजालाच प्रश्न घालतो. राजाने उत्तर द्यायच्या आधी आजी आणि मी भांडून घेतो. तिचं उत्तर एक, माझं दुसरं. अशी गोष्ट दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवरही डोक्यात राहते.

आणि मला सर्वांत राग कशाचा येतो, सांगू? नायक संकटात सापडतो, आपण श्वास रोखून वाचतो आणि शेवटी लिहिलेलं असतं, 'इतक्यात मला जाग आली.' ही तर शुद्ध फसवणूक!

आता थोडं दुःखाच्या गोष्टींविषयी. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. शिकण्यासाठी दूर गेलेला श्याम घरी पोचायच्या आधीच त्याची आई जाते. हे वाचताना मी रडले, आजीही रडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीला रडवणारी पुस्तकं कशाला देता?" पण माझे आई-आण्णा दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि कारखाना बंद झाला की येतात. तेवढे महिने मी आजीजवळ असते. आईची आठवण आली की बोलायचं कुणाशी? आजीला सांगितलं तर तीच डोळ्यांना पदर लावते. श्यामची गोष्ट वाचली तेव्हा वाटलं, आपल्यासारखं आणखी कुणाला तरी वाटलं होतं. रडू आलं, पण नंतर हलकं वाटलं. तेव्हापासून मला हसवणाऱ्या गोष्टींइतक्याच रडवणाऱ्या गोष्टीही आवडतात. फक्त ते रडू खरं हवं, उगीच ओढून आणलेलं नको.

कुणी म्हणतात, गोष्टी सगळ्या खोट्या असतात, त्या वाचून काय पोट भरतं? माकड बोलत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण संकटात डोकं शांत ठेवावं ही बाब काही खोटी नाही.

म्हणून भित्तिपत्रक वाचायला आलेल्या सर्व पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. आमच्या हातात गोष्टीचं पुस्तक दिसलं तर "अभ्यास सोडून हे काय?" असं म्हणू नका. शाळेच्या पेटीतली पुस्तकं घरी न्यायला गुरुजी परवानगी देतात. आम्ही घरी आणली की जेवणानंतर एक पान तरी आमच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नुसतं 'मग पुढं?' म्हणावं. वाचायचं काम आमचं.